गेरूची भिंत आणि तांदळाचा रंग

(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



मुंबई उपनगर जिल्ह्यात, खार रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, समुद्राच्या अगदी काठी खारदांडा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. सभोवार महानगर वाढत गेले, उंच इमारतींनी गावाला वेढा घातला, तरी गावाचे तोंड अजून दर्याकडेच आहे. पावसाळ्यात मासेमारी थांबली म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात, त्यांची डागडुजी होते, त्यांना नवा रंग चढतो. परंपरेप्रमाणे नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहिला जातो, आणि निळ्या, तांबड्या, पिवळ्या, हिरव्या रंगांनी नटलेल्या होड्या पुन्हा पाण्यावर डोलू लागतात. कोळणींच्या लुगड्यांचे रंग, बांबूंच्या मांडवावर ओळीने वाळत घातलेल्या बोंबलांचा रुपेरी रंग, भरतीच्या वेळचा मातकट समुद्र, अशा रंगांच्या संगतीत तेथील मूल लहानाचे मोठे होते.

हे मूल शाळेत येते. चित्रकलेचा तास असतो. गुरुजी सांगतात, "मनाने एक चित्र काढा." मूल मान खाली घालते आणि काढू लागते: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, डोंगरातून उतरणारी वाकडी नदी, काठावर एक झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात चार पक्षी. हेच चित्र माळावरच्या शाळेतील मूल काढते, घाटावरचे काढते, खाडीकाठचेही काढते. ज्याने जन्मात डोंगरातून सूर्य उगवताना पाहिला नाही, ज्याचा सूर्य रोज पाण्यात बुडतो, तेही हेच काढते. घरची होडी चित्रात येत नाही. ज्या जाळ्यावर घराचे पोट चालते ते जाळेही येत नाही.

असे का व्हावे? मुलाला हात आहेत, डोळे आहेत, रंगांची ओळख तर जन्मापासूनची आहे. पण शाळेच्या कागदावर काय शोभते याविषयी त्याने मनाशी एक समजूत करून घेतली आहे. घरचे ते घरी, आणि शाळेचे ते पुस्तकातले, ही ती समजूत. ती मोडल्यावाचून चित्रकलेच्या तासाला अर्थ येत नाही. कशी मोडावी, याचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात सापडण्यासारखे आहे. त्याने कोणत्याही कलाविद्यालयाची पायरी चढली नाही. त्याच्यापाशी रंग होते अवघे दोन. तरी त्याच्या जमातीचा सारा वारसा आणि त्याचे स्वतःचे सारे मन त्या दोन रंगांत मावले.

खारच्या स्थानकावरून उत्तरेकडे जाणारी पश्चिम रेल्वे विरार ओलांडून पुढे पालघर, डहाणू या भागात शिरते. हा वारली लोकांचा मुलूख. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता; 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून त्या जिल्ह्यात मोडतो. या मुलखातील तलासरी तालुक्यात धामणगाव येथे 1934 साली जिव्या सोमा मशे यांचा जन्म झाला. पुढे वयाच्या अकराव्या वर्षापासून डहाणू तालुक्यातील कळंबीपाडा हे त्यांचे गाव झाले.

जिव्या सुमारे सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्या दुःखाने त्याची वाचाच जणू मिटली. तो बोलेनासा झाला. काही सांगावयाचे असले म्हणजे तो जमिनीवरच्या धुळीत बोटाने चित्र काढी आणि माणसे त्यावरून त्याचे म्हणणे ओळखीत. आपल्या जुन्या शाळांत धूळपाटी असे. मुले धुळीत बोट फिरवून पहिले अक्षर गिरवीत. या मुलानेही आपला श्रीगणेशा धुळीतच केला. फरक इतकाच, की त्याला कित्ता कोणी घालून दिला नव्हता. त्याचे दुःख हाच त्याचा कित्ता होता.

येथे शिक्षकाने क्षणभर थांबले पाहिजे. असे न बोलणारे मूल बहुतेक प्रत्येक शाळेत एखादे असते. ते प्रश्नाला उत्तर देत नाही, मोठ्याने वाचीत नाही, मधल्या सुटीत भिंतीशी बसून राहते. हजेरीपटावर त्याचे नाव असते. शिक्षकाच्या मनात मात्र त्याच्या नावापुढे "मंद" असा शेरा हळूच पडून जातो. धुळीत चित्रे काढणारा जिव्या अशा एखाद्या वर्गात बसला असता तर त्याच्या नावापुढे कोणता शेरा पडला असता, हे ज्याचे त्याने मनाशी विचारून पाहावे.

जिव्याला जी चित्रभाषा लाभली ती त्याने शून्यातून निर्माण केली नव्हती. वारली घराच्या भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काड्यांच्या. त्यांवर माती आणि शेण यांचा लेप देतात आणि वर गेरू सारवतात. लग्नाच्या वेळी घरच्या सुवासिनी या तांबूस भिंतीवर पांढऱ्या रंगाने चौक काढतात. रंग तांदळाच्या पिठाचा. तो भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंक मिसळतात. बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केली, की झाला कुंचला. चौकात पालघट देवीची स्थापना होते, धवलेरी लग्नाची गाणी गाते, आणि तो चौक पुरा झाल्यावाचून लग्न लागत नाही. चौकाभोवती झाडे येतात, पक्षी येतात, शेतात राबणारी आणि तारप्याच्या सुरावर फेर धरून नाचणारी माणसे येतात. माणसाचे अंग दोन त्रिकोणांचे; टोकाला टोक लावून उभे केलेले. डोके म्हणजे एक वर्तुळ. हातापायांच्या रेषा इतक्या बारीक की माणूस आता पाऊल उचलील असे वाटावे.

या दोन रंगांचा जरा विचार करावा. गेरू ही पायाखालची माती. तांदूळ हे त्याच मातीत चिखलणी करून, पावसात वाकून लावलेले पीक. म्हणजे ज्या भूमीवर माणूस राबतो ती भूमी भिंतीवर आली, आणि त्या राबण्याचे फळ तिच्यावर रेषा होऊन उमटले. दुकानातून आणलेले यात काहीच नाही. वारसा वारसा म्हणतात तो येथे नुसता चित्राच्या विषयात राहिलेला नाही, रंगाच्या कणाकणांत आहे.

आणि हा रंग केवळ आनंदाचाही नव्हता. त्या काळी वारली तरुणाला लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज काढावे लागे, आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोला वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबावे लागे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. 1945 साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली लोकांनी या वेठीविरुद्ध उठाव केला, तेव्हा जिव्या अकरा वर्षांचा होता. ज्या भिंतीवर लग्नाचा चौक उजळला त्याच घरात लग्नाच्या कर्जाची सावली पडलेली असे. पोटाला पुरेसा भात नसलेल्या घरानेही मूठभर तांदूळ वाटून भिंतीला दिला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पांढऱ्या रेषेचे मोल कळते.

चौक काढणे हे बायकांचे काम, आणि तेही लग्नासारख्या विधीपुरते. पुरुषाने, आणि तेही रोज, चित्रे काढावीत अशी रीत नव्हती. जिव्या मशे यांनी ती रीत ओलांडली. बायकांचे हात पाहून पाहून त्यांनी ती भाषा उचलली आणि विधीचे निमित्त नसतानाही ते चित्रे काढू लागले. 1970 नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या मुलखात आले. बिहारमधील मिथिला भागात तेथील स्त्रियांच्या भिंतीवरील चित्रांना कागदावर आणण्याच्या कामीही त्यांचा हात होता. त्यांनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग दिले, आणि मशे यांची शक्ती त्यांनी ओळखली. 1975 साली मुंबईत केमोल्ड या कलादालनात मशे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. 1976 साली त्यांना आदिवासी कलेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1989 साली पॅरिस येथील पाँपिदू केंद्राच्या, जगभरच्या कलावंतांना एकत्र आणणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. 2009 साली नेदरलँड्समधील प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि 2011 साली भारत सरकारची पद्मश्री त्यांना मिळाली. मे 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार झाले.

सन्मानांची ही यादी शिक्षकाला पाठ असण्याची गरज नाही. कुलकर्णी यांनी काय केले आणि काय केले नाही, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ते स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले होते. मनाला आले असते तर छायाप्रकाश, दूरचे लहान आणि जवळचे मोठे दाखवण्याची रीत, अंगाची प्रमाणे, हे सारे ते शिकवू लागले असते. तसे झाले असते तर एक बऱ्यापैकी चित्रकार कदाचित तयार झाला असता आणि जिव्या सोमा मशे मात्र हरवले असते. कागद दिला, रंग दिला आणि त्या हातावर विश्वास ठेवला, एवढेच पुरले.

"स्वयंशिक्षित" या शब्दाचा अर्थही यावरून नीट कळतो. ज्याला कोणीच शिकवले नाही तो स्वयंशिक्षित, असा त्याचा अर्थ नाही. मशे यांना पाड्यावरच्या सुवासिनींनी शिकवले, भाताच्या खाचरांनी शिकवले, मुंग्यांच्या रांगांनी आणि तारप्याच्या नाचाने शिकवले. त्यांच्या शिक्षणात एकच गोष्ट नव्हती. पाहिलेले चुकीचे आहे, दुसऱ्याचे गिरव, असे सांगणारा कोणी नव्हता.

त्यांच्या चित्रांपैकी एक प्रसिद्ध विषय मासेमारीच्या जाळ्याचा आहे. वारली लोक ओढ्यानद्यांत मासे धरतात. ते रोजचे दृश्य. मशे यांच्या चित्रात हे जाळे सारा फलक व्यापून पसरते. पांढऱ्या रेषांची बारीक वीण, हजारो घरे, आणि तीत सापडलेले मासे. जवळून पाहिले तर एकेक रेषा किंचित थरथरते. दूरून पाहिले तर सबंध जाळे पाण्यात हलते आहे असा भास होतो. येथे निळा रंग नाही, तरी पाणी आहे. पाऱ्याचा चकचकीतपणा नाही, तरी माशांची तडफड आहे. भाव दाखवण्यासाठी रंगांची संख्या वाढवावी लागत नाही. ज्या रंगाशी माणसाचा जिव्हाळा आहे तो एक रंग पुरतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा सापडणे कठीण.

हे जाळे पाहिले म्हणजे खारदांड्याच्या मुलाची पुन्हा आठवण होते. त्याच्या अंगणात जाळी रोज पसरलेली असतात. आजोबा दारात बसून फाटलेली घरे विणतात. ते मूल जाळ्याची वीण डोळे मिटूनही ओळखील. डहाणूच्या पाड्यावरील माणसाने ओढ्यातले जाळे काढून जगाला दाखवले. आणि समुद्रकाठच्या मुलाच्या वहीत मात्र कधी न पाहिलेल्या डोंगरांमधून सूर्य उगवतो आहे. उणीव त्या मुलाच्या हातात नाही. त्याचे जाळे चित्राच्या योग्यतेचे आहे असे त्याला कोणी सांगितलेले नाही.

ही दृष्टी प्राथमिक शिक्षणाला नवी नाही. ज्या डहाणू भागात मशे यांचे आयुष्य गेले, तेथेच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे मोठे काम उभे केले. 1945 साली बोर्डी येथे त्यांचे ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू झाले आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले. आदिवासी मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात जावी, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरावी, असा त्यांचा प्रयोग होता. बालशिक्षणाची महागडी साधने खेड्याला परवडत नाहीत, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने यांपासून साधने केली. मुलाच्या अवतीभवती जे आहे त्यातून शिक्षण उभे राहते, हा त्यांच्या कामाचा गाभा. गेरू आणि तांदूळ यांतून चित्र उभे राहते, तसेच हे.

आता एका धोक्याविषयी. वारली चित्रे आज फार लोकप्रिय आहेत. ती पेल्यांवर, कपड्यांवर, भेटकार्डांवर दिसतात. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, हे योग्यच झाले. अनेक गावांत शाळेच्या भिंतीही वारली आकृतींनी रंगवलेल्या आढळतात. भिंत सुंदर दिसते, आणि शिक्षकाचा हेतूही चांगलाच असतो. पण वारली नसलेल्या गावातील मुलांकडून दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ असा साचा गिरवून घेतला, तर डोंगर-सूर्य-झोपडीच्या साच्याजागी दुसरा साचा आला, इतकेच घडले. शिवाय लग्नाचा चौक आणि त्यातील देवी ही एका समाजाच्या श्रद्धेची वस्तू आहे. ती शोभेसाठी कोठेही काढण्याची नक्षी नाही, याचे भान मुलांना दिले पाहिजे. मशे यांच्यापासून शिकावयाचे ते त्यांच्या आकृती नव्हेत. आपल्या दारातले, आपल्या हाताने, आपल्या मातीच्या रंगात कसे मांडावे, हे त्यांच्यापासून शिकावे.

म्हणून काही व्यवहारातल्या गोष्टी. चित्रकलेच्या तासाला फळ्यावर नमुना काढून ठेवू नये. "सुंदर देखावा काढा" असे सांगण्याऐवजी मुलाला जवळचे काही विचारावे: काल घरी कोणते काम चालले होते? पाऊस आला तेव्हा अंगणात काय झाले? तुमच्याकडे लग्नात दाराशी काय काढतात? मूल सांगू लागले की म्हणावे, "तेच काढ." रंगपेटी नसेल तर अडून बसू नये. गेरू, विटेचा चुरा, हळद, कोळसा, चुना, तांदळाचे पीठ यांतून वर्गापुरते रंग होतात. चुना मात्र शिक्षकाने स्वतः हाताळावा. ते रंग मुलांनी स्वतः गोळा केले तर तो चित्रकलेचा तर धडा होतोच, परिसर अभ्यासाचाही होतो. शाळेच्या भिंतीचा एक हात-दोन हात भाग मुलांना मोकळा द्यावा. दर सत्राला तो पुन्हा सारवून नव्या चित्रांसाठी कोरा करावा. वारली घरातील चौकही कायमचा नसतो.

गावातील म्हाताऱ्या बाया रांगोळी, चौक, भिंतीवरची चित्रे काढीत असतील तर त्यांना एखादे दिवशी शाळेत बोलवावे. मुलांनी त्यांचे हात पाहावेत. ज्या आजीने शाळेची पायरी कधी चढली नाही ती वर्गात खुर्चीवर बसली आणि गुरुजी बाजूला उभे राहिले, हे दृश्यच मुलांना पुष्कळ शिकवून जाईल.

चित्र पाहताना "हे काय वेडेवाकडे?" असा पहिला प्रश्न कधीही करू नये. "यात काय चालले आहे, सांग पाहू," असे विचारावे. माणूस घरापेक्षा मोठा निघाला असेल तर त्या घरात त्या माणसाचे मोठेपण काय, ते मुलाला ठाऊक आहे. समुद्र काळा रंगवला असेल तर तो तसा का, हे ऐकून घ्यावे. वादळात गेलेली होडी ज्या घराने पाहिली आहे त्या घरातील मुलाचा समुद्र निळाच असावा, असा हट्ट कोणी धरू नये.

आणि वर्गातील ते न बोलणारे मूल. त्याला बोलते करण्याचा आग्रह काही दिवस बाजूला ठेवून त्याच्यापुढे एक कागद, नाहीतर कोरी पाटी ठेवावी, आणि त्याच्यावर लक्ष ठेवले आहे असे न भासवता थोडे दूर उभे राहावे. पहिल्या दिवशी ते काही काढणार नाही. कदाचित आठवडाभर काढणार नाही. शिक्षकाने उतावीळ होऊ नये. प्रत्येक मूल मोठा चित्रकार होणार नाही, आणि तसे व्हावे अशी अपेक्षाही नाही. मुलाला आपले दुःख सांगावयास एखादी जागा सापडली, तरी त्या तासाचे काम झाले.

सात वर्षांच्या जिव्याला धूळ सापडली होती, कारण धूळ कोणाच्या परवानगीची वाट पाहावयास लावीत नाही. शाळेने त्या धुळीइतके तरी मोकळे असावे.